फीत, तबकडी, डेसिबल : यंत्रांच्या शब्दांचा मराठी इतिहास आणि एक चुकलेला वाद

१.
मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की समाजमाध्यमांवर एक जुना वाद नव्याने पेटतो : कॅमेरा, स्पीकर, व्हिडिओ यांना मराठीत काय म्हणावे? एक पक्ष संस्कृत धातूंतून नवा शब्द घडवून देतो, दुसरा त्याची टिंगल करतो आणि चार दिवसांत दोन्ही पक्ष थकतात. ध्वनी आणि चित्र यांच्या यंत्रांचे शब्द मराठीत कसे आले, विशेषतः पुण्यात ते कसे रुजले, हे पाहिले तर हा वादच चुकीच्या प्रश्नावर उभा असल्याचे दिसते. #थ्रेड

२.
आरंभ 'फीत' या शब्दापासून करावा. ध्वनिफीत, चित्रफीत हे शब्द आज अस्सल मराठी वाटतात. 'कॅसेट न म्हणता ध्वनिफीत म्हणा' असा आग्रहही धरला जातो. प्रत्यक्षात 'फीत' हा शब्द पोर्तुगीज आहे. 'फिता' म्हणजे कापडाची अरुंद पट्टी. ज्या जोडशब्दाला शुद्ध म्हणून पुढे केले जाते, त्याचा अर्धा भाग लिस्बनहून गोव्यामार्गे आलेला आहे.

३.
ग्रामोफोनला आपल्याकडे 'चावीचा बाजा' म्हणत. 'चावी'सुद्धा पोर्तुगीजच. त्यावर फिरणाऱ्या 'तबकडी'चे मूळ अरबी 'तबक' म्हणजे ताट. आवाज बाहेर टाकणाऱ्या 'कर्ण्या'चा संस्कृत कर्णाशी, म्हणजे कानाशी, संबंध असावा असे वाटते. पण कर्णा हे मूळ फारसी नावाचे लांब रणवाद्य, मराठ्यांच्या फौजेत शिंगांबरोबर वाजणारे. चित्रपटाचा 'पडदा' फारसी आणि 'रीळ' इंग्रजी.

४.
खुद्द 'कॅमेरा' हा शब्दही फार परका नाही. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. या रचनेला केप्लरने १६०४ साली 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव दिले. हाच लॅटिन शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून हिंदीत आला आणि 'कमरा' झाला. कॅमेरा आणि कमरा ही सख्खी भावंडे आहेत.

५.
हे परके शब्द मराठीच्या घरात इतके सहज का वावरले? ते वस्तूचे दिसणारे रूप सांगत होते. तबकडी ताटासारखी, फीत रिबनीसारखी, कर्णा कर्ण्यासारखा. शब्द कानी पडताच वस्तू डोळ्यांसमोर उभी राहत असे. त्याचे मूळ लॅटिन आहे की अरबी, हे विचारण्याची गरज कोणालाही भासली नाही.

६.
इतिहासप्रेमींना येथे राज्यव्यवहारकोश आठवेल. शिवछत्रपतींच्या आज्ञेने, राज्याभिषेकाच्या आगेमागे सिद्ध झालेल्या या कोशात राज्यकारभारातील सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. नवे राज्य स्वतःच्या भाषेत बोलू पाहत होते आणि त्या इच्छेचे मोल मोठे आहे.

७.
पुढे काय झाले? सचिव, सेनापती हे शब्द टिकले आणि आजही चालतात. पंतप्रधानाचे मात्र वेगळेच घडले. पुण्याच्या शनिवारवाड्यातून कारभार हाकणाऱ्या घराण्याला लोकांनी 'पेशवे' म्हणूनच ओळखले. किल्ला, फौज, शिपाई, तोफ हे शब्द तर जागचे हललेही नाहीत. एकाच कोशाच्या आज्ञेखालचे काही शब्द जगले, काही विरले. आज्ञेने शब्द जन्मतो. तो जगणार की नाही, हे वापरणारे ठरवतात.

८.
विसाव्या शतकात हाच प्रश्न भाषाशुद्धीच्या चळवळीने पुन्हा उभा केला. या चळवळीतील एक ठळक नाव माधव जूलियन, म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन यांचे. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश पुण्याहून प्रसिद्ध झाला आणि १९३८ साली त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मराठीत फारसी किती खोल मुरली आहे, हे ज्याने मोजले होते तोच विद्वान शुद्धीचा पुरस्कर्ता झाला. हा वाद अडाण्यांचा आणि शहाण्यांचा कधीच नव्हता.

९.
याच काळात वि. दा. सावरकरांनी अनेक प्रतिशब्द सुचविले. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या मंडळींना त्यांनी चित्रपट-व्यवसायासाठी शब्द दिल्याची आठवण प्रसिद्ध आहे. दिग्दर्शक, संकलन, बोलपट अशा शब्दांच्या याद्या आज समाजमाध्यमांवर सतत फिरतात. त्यांतील अनेक शब्द खरोखरच मराठीच्या अंगवळणी पडले, हे यश नाकारता येत नाही.

१०.
पण या याद्या डोळे मिटून पुढे पाठविणे इतिहासप्रेमींना शोभत नाही. 'चित्रपट' हा शब्द त्यांत हटकून असतो. दादासाहेब फाळके यांची 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला 'नवयुग' मासिकात १९१७-१८ साली आली होती, आणि रंगविलेले वस्त्र या अर्थाने चित्रपट त्याहून कितीतरी जुना आहे. 'नेपथ्य' तर संस्कृत नाटकांच्या रंगसूचनांत पावलोपावली भेटतो. नवे यंत्र आले तेव्हा या जुन्या शब्दांना नवे काम मिळाले, इतकेच.

११.
शब्दाचे श्रेय एका व्यक्तीच्या नावावर लिहून टाकले की ज्यांनी तो रोजच्या कामात वापरून घट्ट केला, ते सगळे कारागीर अदृश्य होतात. छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक, रीळ कापणारे, पडदे रंगविणारे. पुण्याचा इतिहास या कारागिरांखेरीज सांगताच येत नाही.

१२.
७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' झळकला. पेंटरांनी आपला कॅमेरा कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी सिद्ध केला होता. परदेशी यंत्र खोलून पाहणे, भाग घडविणे, भिंग बसविणे ही कामे मराठी माणसांनी मराठीत बोलत केली. 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटले, असे सांगितले जाते. या बिरुदातही 'सिनेमा' परकाच आहे. टिळकांना त्याची अडचण वाटली नसावी.

१३.
पेंटरांच्या तालमीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन केली : व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ साली प्रभात पुण्यात आली. आज ज्या रस्त्याला प्रभात रस्ता म्हणतात, त्याचे नाव याच कंपनीवरून पडले. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचे बोधचिन्ह. ध्वनीच्या युगाला याहून मराठी चिन्ह कोणते सापडले असते?

१४.
१९३१ साली 'आलम आरा' बोलला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. 'बोलपट' हा शब्द पाहावा. बोलणारा पट. अर्थ सांगण्यासाठी कोशाची गरज नाही. हा शब्द पूर्णपणे देशी आहे, म्हणून तो टिकला असे नाही. तबकडी ज्या कारणाने टिकली, त्याच कारणाने तो टिकला : ऐकताक्षणी कळतो.

१५.
'मूकपट'ची गोष्ट अधिक मजेची आहे. चित्रे बोलू लागेपर्यंत ती मुकी आहेत, असे वेगळे सांगण्याचे कारणच नव्हते. नवे यंत्र आले की ते जुन्या यंत्राचेही नामकरण करते. रंगीत चित्र आल्यावर जुने 'कृष्णधवल' झाले. मोबाइल आल्यावर घरातला फोन 'लँडलाइन' झाला.

१६.
प्रभातमध्ये ध्वनीची बाजू दामले यांनी सांभाळली. बोलपटामुळे तंत्रात मोठा बदल झाला होता. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत, त्यामुळे सेकंदाला किती चित्रे पडतील हे हातावर अवलंबून असे. आवाज त्याच फितीच्या कडेला मुद्रित होऊ लागल्यावर वेग बदलून चालेना, कारण वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा वेग जगभर पक्का झाला.

१७.
आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात २४, २५, ३०, ६० असे आकडे दिसतात. त्यांतील २४ हा बोलपटाचा वारसा आहे. २५ हा आपल्या जुन्या दूरचित्रवाणीचा, कारण भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि तिचा निम्मा आकडा चित्रांसाठी घेतला गेला. ३० आणि ६० हे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेचे. एका बटणामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. पण तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

१८.
पुण्यात तयार झालेला प्रभातचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन', १९३४ सालचा. त्यात टेलिफोटो भिंगाने टिपलेला राजगुरूचा, म्हणजे चंद्रमोहन यांचा, डोळा पडदाभर पसरतो. 'टेलिफोटो' इंग्रजी आणि 'भिंग' मराठी, हा संकर कोणालाही खटकत नाही. १९६० साली प्रभातच्या त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आले.

१९.
आता न टिकलेल्या, किंवा टिकूनही वाट बदललेल्या शब्दांकडे वळावे. म्हैसूरच्या एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या खासगी नभोवाणी केंद्राचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाच्या प्रसारणसंस्थेला मिळाले. पुण्याचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली.

२०.
त्या घरांत लोक काय ऐकत होते? 'रेडिओवर गीतरामायण' ऐकत होते. आकाशवाणी हे संस्थेचे नाव राहिले आणि पेटीचे नाव रेडिओच राहिले. 'दूरदर्शन'चेही तेच झाले : वाहिनी दूरदर्शन, वस्तू टीव्ही. 'ध्वनिक्षेपक' सभेच्या वृत्तान्तात आणि पोलिसांच्या आदेशात भेटतो, चौकात मात्र लाउडस्पीकर किंवा भोंगा. शब्दांनी आपापली कामे वाटून घेतली. यात मराठीचा पराभव पाहण्याचे कारण नाही.

२१.
खरी अडचण निर्माण झाली ती पाठ्यपुस्तकांत. एकाच संकल्पनेला विश्वकोश 'कंप्रता' म्हणतो आणि शाळेचे पुस्तक 'वारंवारता'. दोन्ही शब्द विचारपूर्वक घडविलेले. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी यांपैकी एकही नव्हता, तो 'फ्रिक्वेन्सी'च म्हणत राहिला. दुकानाची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांची गाठच पडली नाही. प्रभातमध्ये ती पडली होती, कारण शब्द आणि यंत्र एकाच छपराखाली होते.

२२.
येथवरचे वाचून कोणी म्हणेल की मग इंग्रजी शब्दच घ्यावेत, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. फीत आणि तबकडी परक्या होत्या, पण कळत होत्या. आज खोक्यावर छापलेले शब्द परके आहेत आणि कळतही नाहीत. न कळलेल्या शब्दाची किंमत ग्राहक रोख मोजतो.

२३.
नव्वदीच्या दशकातील टेपरेकॉर्डर आणि स्पीकर आठवावेत. खोक्यावर ठळक अक्षरांत 'पीएमपीओ' आणि पुढे शेकडो, कधी हजारो वॅट. क्षणार्धापुरत्या कल्पित कमाल शक्तीचा हा आकडा. तो मोजण्याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते. सतत मिळणारी शक्ती सांगणारा 'आरएमएस' आकडा त्याच्या अगदी लहान अंशाइतका असे. यंत्र विजेच्या खांबावरून जितके वॅट घेते, त्याहून अधिक ते सतत देऊ शकत नाही, एवढे साधे वाक्य ठाऊक असलेला ग्राहक मागच्या पट्टीवरचा आकडा वाचून हसला असता.

२४.
त्याच कुळातला आजचा शब्द 'मेगापिक्सेल'. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख बिंदू असतात. फोर-के म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. शंभराहून अधिक मेगापिक्सेलचे छायाचित्र अशा पडद्यावर पाहताना बहुतेक बिंदू दिसतच नाहीत. प्रकाश झेलणाऱ्या संवेदकाचा आकार किती, हा महत्त्वाचा आकडा जाहिरातीत सहसा नसतो.

२५.
'डिजिटल झूम' हा तर शब्दांचा खेळ आहे. खऱ्या झूममध्ये भिंगांतील अंतर बदलते आणि दूरचे दृश्य मोठे होऊन आत येते. डिजिटल झूममध्ये टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कातरून ताणला जातो. त्याला 'कातरझूम' म्हटले असते तर कोणी त्यासाठी अधिक पैसे मोजले नसते. 'एफ/२' आणि 'एफ/४' यांत मोठा आकडा म्हणजे मोठे छिद्र, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात तो भागाकाराचा छेद आहे, आणि एफ/२ मधून चौपट प्रकाश आत येतो.

२६.
खिशापुरता प्रश्न येथे संपला असता. पण एक शब्द असा आहे की जो न कळल्याने सारे शहर किंमत मोजते. तो शब्द 'डेसिबल'. गणेशोत्सव आला की तो पुण्याच्या प्रत्येक वर्तमानपत्रात असतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीमधील, मंडळी अनेक वर्षे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजत आली आहेत. आकडे सामान्यतः नव्वदीच्या पुढचे येतात.

२७.
२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल ही मर्यादा आहे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. आता कोणी ९५ हा आकडा वाचला तर त्याला वाटते : ६५ च्या जागी ९५, म्हणजे साधारण दीडपट. सणाला दीडपट आवाज, त्यात काय मोठेसे?

२८.
येथेच फसगत आहे. डेसिबलची मोजपट्टी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ६५ वरून ९५ म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा : हजारपट. कानाला तो आवाज साधारण आठपट मोठा भासतो, पण कानाच्या आतील नाजूक पेशींवर हजारपट ऊर्जा आदळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे चालते, ९० डेसिबलचा केवळ ४ तास.

२९.
'डेसिबल'मधला 'बेल' म्हणजे दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. १९२० च्या दशकात दूरध्वनीच्या तारांमधील ऱ्हास मोजण्यासाठी हे एकक घडले. त्याला मराठी प्रतिशब्द नाही आणि नसला तरी काही बिघडत नाही. बिघडते ते दीडपट आणि हजारपट यांतला फरक कोणी मराठीत सांगितला नाही म्हणून. मिरवणुकीतील आवाजावरचा सारा वाद भावनेवर चालतो, कारण वादाच्या मध्यभागी असलेला शब्द दोन्ही बाजूंना अपुरा कळलेला असतो.

३०.
म्हणून 'याला मराठीत काय म्हणायचे' हा प्रश्न दुसरा ठरावा. पहिला प्रश्न असा : 'हे काय मोजते, आणि आकडा वाढला की काय वाढते?' या प्रश्नाचे उत्तर चार मराठी वाक्यांत देता आले, तर शब्द ग्रीक असो, लॅटिन असो वा बेलच्या नावाचा, तो मराठीचा झाला. देता आले नाही, तर संस्कृतातून घडविलेला प्रतिशब्दही परकाच राहील.

३१.
याचा अर्थ नवे शब्द घडवूच नयेत असा नाही. बोलपट, संकलन, दिग्दर्शक हे शब्द मराठीला मिळाले नसते तर ती गरीब राहिली असती. पण ते काम करणाऱ्यांच्या हातांत पडले म्हणून जगले. आज छायाचित्रण शिकविणारे, ध्वनिमुद्रण करणारे, मराठीतून यंत्रांची परीक्षणे करणारे शेकडो तरुण आहेत. पुढचा 'बोलपट' सापडला तर त्यांच्याच बोलण्यात सापडेल.

३२.
इतिहासप्रेमींसाठी एक काम मात्र तातडीचे आहे. ग्रामोफोन, रीळ, कॅसेट ही यंत्रे गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरगुती नावेही चालली आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय रिळे जपते, घरातील बोली कोणी जपत नाही. आजी-आजोबांना विचारावे : तबकडीला, तिच्या सुईला, रेडिओच्या बटणाला, फोटो काढणाऱ्याला तुमच्या गावी काय म्हणत? मिळालेला शब्द गाव आणि साधारण दशक यांसह या थ्रेडखाली नोंदवावा. उद्याच्या कोशकाराला ती नोंद उपयोगी पडेल.

#थ्रेड_समाप्त